95 पर्सेंटाइलची शिष्यवृत्ती आणि एक एकर वावर

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमचं साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस आणि तूर घेतो. गेल्या हंगामात 22 क्विंटल कापूस झाला. मोठी मुलगी बारावी सायन्स झाली, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत 95.8 पर्सेंटाइल मिळाले. पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठातून फोन आला : 95 च्या वर असल्यामुळे ट्यूशन फीत 50 टक्के मेरिट स्कॉलरशिप, कॉम्प्युटर ब्रँच पक्की, आठ दिवसांत 25,000 भरून सीट बुक करा. शेजारी एका एकराचे 9 लाख द्यायला तयार आहे, बाकीचं कर्ज काढू असा विचार आहे. आम्ही कुणबी, ओबीसी. उत्पन्नाचा दाखला सव्वा लाखाचा. पोस्टात मुलीच्या सुकन्या खात्यात 1 लाख 90 हजार आहेत. लहान मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत आहे. विद्यापीठाचं फी-पत्रक सोबत जोडलं आहे. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून 95.8 पर्सेंटाइल म्हणजे दोन वर्षं त्या मुलीनं किती नेटानं अभ्यास केला असेल, ते मला कळतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वावर विकू नका आणि ते 25,000 या आठ दिवसांत भरू नका. शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांमध्ये, तिचं नाव कुठे लागतं ते आधी पाहा. का, ते आकड्यांनीच सांगतो.

फी-पत्रकात ट्यूशन फी 2,60,000 आहे, इतर फी 60,000 आणि हॉस्टेल-मेस 1,40,000. सूट फक्त ट्यूशन फीवर आहे. म्हणजे 1,30,000 वजा झाले तरी पहिल्या वर्षी तुमच्या खिशातून 3,30,000 जाणार. व्यापारी भाव चढा सांगून मापात कटती लावतो तेव्हा आपण शेवटी हातात किती पडले तेच मोजतो; इथेही 50 टक्के हा आकडा बाजूला ठेवा आणि 3,30,000 कडे पाहा. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. त्या भावानं 3,30,000 म्हणजे जवळपास 41 क्विंटल कापूस, तोही बियाणं, खत, फवारणी, वेचणीचा एक पैसा न वजा करता. तुमच्या सगळ्या वावरात 22 क्विंटल झाला.

फी एक रुपयानंही वाढली नाही असं धरलं तरी चार वर्षांचे 13,20,000 होतात. आणि हा आकडा शिष्यवृत्ती चारही वर्षं टिकली तरचा आहे. पत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अट आहे : दरवर्षी किमान 8 सीजीपीए (10 पैकी सरासरी ग्रेड) आणि एकही विषय राहता कामा नये. पहिल्या वर्षानंतर ही अट मोडली तर उरलेल्या तीन वर्षांचे 3,90,000 अंगावर येतात आणि एकूण खर्च 17,10,000 वर जातो. तुमची मुलगी हुशार आहे यात शंका नाही. पण त्या वर्गात तिच्या शेजारी बसणारी कितीतरी मुलं अशाच पर्सेंटाइलवर आलेली असतील, आणि जिथे ग्रेड वर्गातल्या इतरांच्या तुलनेत देतात तिथे सगळ्यांना 8 च्या वर मिळूच शकत नाहीत. त्यात घरापासून लांब, पहिल्यांदाच सगळं इंग्रजीतून, पहिल्या सेमिस्टरला गणित आणि ग्राफिक्सचा मारा. चांगली चांगली मुलं त्या वर्षी डगमगतात आणि दुसऱ्या वर्षी सावरतात. पण गेलेली शिष्यवृत्ती परत मिळेल असं तुमच्या पत्रकात कुठेही लिहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी 100 टक्के माफ आहे. आधी ही सवलत 50 टक्के होती. शासकीय, अनुदानित आणि खाजगी विनाअनुदानित कॉलेजांनाही ती लागू आहे. प्रवेश मात्र कॅपमधूनच झालेला असावा लागतो, आणि खाजगी विद्यापीठं व अभिमत विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजे तुम्हाला फोन आला त्या ठिकाणी ही माफी नाही. त्यांची अर्धी सूट घेतली की शासनाची पूर्ण माफी आपोआप सुटते, आणि फोनवर हे कुणी सांगत नाही. विदर्भातलीही काही नावाजलेली कॉलेजं अलीकडे स्वतंत्र विद्यापीठं झाली आहेत. नाव जुनंच असलं तरी पर्याय भरताना ते कॉलेज आहे की विद्यापीठ, एवढं तपासा.

आणखी एक फसगत होते ती इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंट कोट्याच्या जागेवर. कॉलेज तेच, वर्ग तोच, पण जागा मॅनेजमेंटची असेल तर माफी नाही. कुणी एजंट घरी आला आणि "कॅपची वाट कशाला पाहता, इथेच सीट देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

कॅपमधून अमरावतीला प्रवेश मिळाला असं धरू. ट्यूशन शून्य, परीक्षा फी शून्य. डेव्हलपमेंट फी आणि इतर किरकोळ मिळून 20,000 आणि राहणं-जेवण 80,000 धरलं तर वर्षाला 1 लाख, चार वर्षांचे 4 लाख. दोन वाटांमधला फरक कमीत कमी 9,20,000 आहे. शेजारी तुमच्या एकराचे देतो त्यापेक्षाही जास्त.

हा फरक कर्जानं भरायचा म्हटलं तर काय होईल, तेही पाहा. दरवर्षी 2,30,000 उचलले, सरळ व्याज 10 टक्के धरलं, शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष हप्ता भरला नाही, तर परतफेड सुरू होताना कर्ज साधारण 12,40,000 झालेलं असेल. दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता 16,000 च्या वर जातो. नोकरीच्या पहिल्या पगारातून एवढा हप्ता कापला गेला तर शहरात खोली आणि जेवण भागवून त्या पोरीच्या हातात काय उरेल? आणि पीक कर्जाच्या पैशाला तर फीसाठी हातच लावू नका. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर फेडलं की डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते आपल्याला बिनव्याजी पडतं. एकदा थकलं की ती सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला बँक दारात उभं करत नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त ओढ आहे ती कॉम्प्युटर ब्रँचची, आणि ती ओढ खोटी नाही. 95.8 वर शासकीय कॉलेजात कॉम्प्युटर मिळेलच असं मी म्हणणार नाही. मागच्या वर्षीच्या कटऑफ याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहेत, त्यात ओबीसी मुलींच्या रकान्यात स्वतः पाहा. मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात, त्याचा फायदा मिळतो. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी 1964 पासूनचं, शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी 1983 पासूनचं. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूरलाही शासकीय कॉलेजं आहेत. यातल्या एखाद्या ठिकाणी कॉम्प्युटरऐवजी इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, तरी माझं मत बदलत नाही. बी.टेक. सोबत 18 ते 20 जादा क्रेडिट घेऊन एआय किंवा डेटा सायन्ससारख्या विषयात मायनर, म्हणजे जोडविषय, करता येतं, आणि आयटी सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या बहुधा सगळ्या शाखांच्या मुलांना परीक्षेला बसू देतात. ब्रँचच्या नावासाठी 9 लाख मोजावेत एवढा फरक मला त्यात दिसत नाही. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नको असेल तर कॉम्प्युटर असलेली विनाअनुदानित कॉलेजं वर टाका. माफी तिथेही आहे.

पर्याय भरताना टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या खास जागांच्या, मागे लागू नका. त्या 5 टक्के जादा जागा असतात, ट्यूशन माफ असते म्हणून त्यांची कटऑफ बरीच वर जाते. तुमच्या मुलीला साध्या जागेवरही ट्यूशन माफच आहे. आणि पहिला पर्याय मनापासून हवा असेल तोच टाका, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की होते.

कागदांचं मात्र आजच पाहा. जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का? नुसत्या जातीच्या दाखल्यावर ओबीसीची जागा टिकत नाही. नॉन क्रिमीलेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, आणि मुलीच्या बँक खात्याला आधार जोडलेलं असावं, कारण महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारा पैसा त्याच खात्यात जमा होतो. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्यानं करायचा असतो. दुसऱ्या वर्षी विसरले म्हणून फी भरावी लागलेली घरं मी पाहिली आहेत.

राहण्या-जेवणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी मुलांसाठी ती आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, म्हणजे तुम्ही बसता. अमरावतीसारख्या शहरात वर्षाला 51,000 आणि नागपूर-पुण्यात 60,000 मिळतात. जिल्ह्याला 600 मुलांची मर्यादा आहे, आणि पैसा हप्त्यांनी, उशिरानंही येतो. म्हणून अर्ज जरूर करा, पण हिशोबात ही रक्कम धरू नका. मिळाली तर सुकन्या खात्याला तेवढा कमी हात लागेल.

सुकन्या खातं उघडून ठेवलंत हे फार चांगलं केलंत. मुलगी 18 वर्षांची झाली किंवा दहावी झाली की आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती पोस्टात द्यावी लागते, आणि रक्कम प्रत्यक्ष फी व खर्चाच्या मागणीएवढीच मिळते. तुमच्या बाबतीत सुमारे 95,000 होतात. पहिल्या वर्षाचा 1 लाख जवळजवळ तिथेच भागला. पण सगळे एकदम काढू नका. वर्षातून एकदा असे पाच वर्षांपर्यंत हप्त्यांनी काढता येतात, आणि खात्यात राहिलेल्या पैशावर सध्या 8.2 टक्के व्याज मिळतं. लागतील तेवढेच काढा. उरलेल्या वर्षांसाठी तुरीच्या पैशातून दर हंगामाला 40-50 हजार बाजूला पडले, तर कर्ज लागलंच तरी लहान लागेल. तेव्हाही शेतीवर बोजा चढवू नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवर बँकेचं शैक्षणिक कर्ज मागा. पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीत कॉलेजचं नाव असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाहीत, आणि साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक शिक्षणाच्या काळातलं व्याजही केंद्र सरकार भरतं.

खाजगी विद्यापीठाला मी कायमचं नाही म्हणत नाही. कॅपच्या सगळ्या फेऱ्या संपल्या आणि मुलीला मान्य होईल अशी एकही जागा लागली नाही, तर पुन्हा त्यांच्याशी बोला. तेव्हा पूर्ण ट्यूशन फी माफ आणि 8 सीजीपीएऐवजी फक्त पास होण्याची अट, असं लेखी मागा. जागा रिकाम्या राहिल्या की तीच माणसं जास्त सूट घेऊन फोन करतात. आणि तेव्हा पैसे भरलेच तर यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) ऑक्टोबर 2018 चा परतावा नियम लक्षात ठेवा : प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त 5,000 कापून बाकी सगळी फी परत करावी लागते. मुलीची मूळ कागदपत्रं ठेवून घेण्याचा हक्क कोणत्याही संस्थेला नाही. "नॉन रिफंडेबल" हा शब्द फोनवर ऐकून घाबरू नका, पण पावतीवर काय छापलंय ते पैसे देण्याआधी वाचा.

तुम्ही लहान मुलाचा उल्लेख एका ओळीत केलात, पण त्याच्यासाठी वेळ आत्ताची आहे. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. साडेतीन लाखांच्या आतलं उत्पन्न आणि शासकीय, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा असली की बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला 1,000, म्हणजे चार वर्षांचे 48,000 थेट त्याच्या खात्यात येतात. मुलगा असल्यामुळे बहिणीसारखी 100 टक्के माफी त्याला मिळणार नाही, त्यामुळे हे पैसे त्याच्याच नावानं पोस्टात राहू द्या. अर्ज शाळेतूनच भरला जातो. मुख्याध्यापकांना या आठवड्यात भेटा आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या जुन्या प्रश्नपत्रिका मागून घ्या. बहिणीला कॅपचा निकाल येईपर्यंत वेळ आहे, तोवर तीच त्याला शिकवू शकेल.