वाचकांचे प्रश्न : लिनक्स उद्या राहील का, आणि गावात रुजेल का?

आमच्या शाळेत ४ जीबी रॅमचे ८ जुने डेस्कटॉप आहेत. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक-प्रणाली टाकायचा विचार आहे, पण समितीत एकांनी विचारलं, "फुकटचं आहे, उद्या बनवणाऱ्यांनी दुकान बंद केलं तर?" काय सांगावं? – एक शिक्षक, ता. दर्यापूर

शंका रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. असे प्रकल्प बंद पडतात. अँटरगॉस ही लिनक्सची एक आवृत्ती २०१९ मध्ये थांबली. सेंटओएस ८ या रेड हॅट कंपनीकडच्या लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ते २०२१ अखेरच संपवत असल्याचं जाहीर केलं. मात्र कोड (प्रणाली ज्यातून बनते तो मजकूर) सर्वांना उघडा असल्यामुळे दुसऱ्यांना तो उचलता आला आणि २०२१ मध्येच त्याच्या जागी अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हाती आले. विकतच्या प्रणालीत ही सोय नसते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तो कोड घेऊन पुढे जायला कोणाला मुभा नव्हती.

मिंटपुरतं सांगायचं तर २२ वी मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. उद्या उबुंटूच नसलं तर काय, याचीही तजवीज मिंटवाल्यांनी केली आहे. एलएमडीई ही त्यांची दुसरी आवृत्ती थेट डेबियन या जुन्या लिनक्सवर चालते, आणि डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात, त्याला मालक कंपनी नाही.

तुमच्या मशीनवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. टाकतानाच होमचं (वापरणाऱ्यांच्या फायलींचं) पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, वेगळं ठेवा : १२० जीबीच्या एसएसडीवर ४० जीबी प्रणालीला, ४ स्वॅपला (रॅम अपुरी पडली तर लागणारी जागा), उरलेली होमला. पुढे प्रणाली बदलायची वेळ आली तर फक्त पहिला भाग पुसायचा, होमच्या फॉरमॅटवर खूण करायची नाही. मुलांच्या फायली जागच्या जागी राहतात. (बॅकअप तरीही घ्याच.)

खरा धोका वेगळाच आहे. ज्या सरांनी लिनक्स टाकलं त्यांची बदली होते आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. तो मुख्याध्यापकांकडे बंद लिफाफ्यात ठेवा, आणि कोणत्या मशीनवर काय टाकलं ते साध्या वहीत लिहा.

तालुक्याला लिनक्सचा कार्यक्रम घेतला, लिनक्स भरलेले ३० पेनड्राइव्ह वाटले. महिन्याभरात कोणीच वापरेना. प्रचारात काय चुकलं? – ता. ब्रह्मपुरी

पेनड्राइव्ह वाटून काम होत नाही. माणूस घरी जाऊन पहिली प्रिंट काढायला बसतो आणि तिथंच अडतो. सॉफ्टवेअर-स्वातंत्र्यावरचं भाषण अर्ध्यावर आणा आणि तो वेळ प्रिंटरला द्या.

एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर चालू केला की दर वेळी त्याला फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) पाठवावं लागतं. एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) नसेल तर प्रिंट पाठवल्यावर कागद हलत नाही. प्लगइन इंटरनेटवरून उतरवावं लागतं, ते कार्यक्रमातच उतरवून द्या. कॅननच्या एलबीपी २९०० चा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि तो छळतो. ज्याच्याकडे हा प्रिंटर आहे त्याला आधीच सांगा.

दुसरी अडचण मराठीची. इनस्क्रिप्ट येणाऱ्याला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडली की झालं. रोमनमधून टंकणाऱ्याला आयबस आणि एम१७एन ही टंकनाची सॉफ्टवेअर लागतात. पण मोबाइलसारखे शब्द सुचवले जात नाहीत, आणि त्यातल्या आयट्रान्स या रोमन मांडणीत मोठ्या-लहान अक्षरांचा फरक पाळावा लागतो. 'ण' ला मोठा एन, 'न' ला लहान. अर्धा तास हाताला सवय लावून घेतल्याशिवाय कोणाला सोडू नका. सुरेख किंवा श्रीलिपी फॉन्टमधले जुने अर्ज उघडले की कडबोळं दिसतं. ती फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. फॉन्ट टाकला की वाचता येईल, पण शोधायचं असेल तर युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावं लागतं.

वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट संगणकाला देणं) चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

उतरवलेल्या आयएसओची (लिनक्स टाकायच्या फाइलची) चेकसम पडताळणी, म्हणजे ती पूर्ण उतरली का याची तपासणी, केली होती का? ३ जीबीच्या आसपासची फाइल, त्यात रेंज ये-जा करणारी. अर्धवट उतरलेल्या फाइलचं इन्स्टॉलेशन मध्येच थांबतं आणि शिव्या लिनक्सला बसतात.

सेवा केंद्रवाल्यांना मात्र आग्रह करू नका. बोटांच्या ठशांच्या बहुतेक यंत्रांचं सॉफ्टवेअर विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतं. त्यांचं एक दिवसाचं काम अडलं तरी गावभर बोभाटा होईल. सुरुवात वाचनालयातल्या एका मशीनपासून करा. आणि कार्यक्रम पेरणीत किंवा कापूस वेचणीत ठेवू नका बुवा, कोण येणार?

लाइन जाऊन आली की अपडेट होत नाही, 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असा संदेश येतो. लिनक्स बिघडलं का? – ता. मोर्शी

नाही, मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. वीज गेली की घड्याळ मागच्या एखाद्या सालात जातं, मग आजची फाइल संगणकाला भविष्यातली वाटते. ब्राउझरही प्रमाणपत्राची तक्रार करतो, तेही याचमुळे. संगणक बंद करून वायर काढा, सीआर २०३२ सेल बदला (अधिक खुणेची बाजू वर), मग बायोसमध्ये (संगणक चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख लावा. सेल येईपर्यंत दर वेळी तारीख हाताने लावून अपडेट करता येईल.