जर्मनीत नवीन आहेस ना, आधी एवढंच कर

अरे, पहिले काही महिने एकटं वाटणारच, त्यात तुझं काही चुकत नाहीये. इथे ओळखी आपोआप होत नाहीत, रविवारी तर दुकानंही बंद, म्हणून दर आठवड्याला तीच माणसं भेटतील अशी एक जागा धर. फेराइन म्हणजे इथले क्लब, खेळापासून गाण्यापर्यंत सगळ्याचे असतात. मी बॅडमिंटनला जायचो, दोन महिने नुसतं हालो आणि च्यूस, म्हणजे बाय, मग एकदा नेट गुंडाळायला थांबलो आणि तिथेच एकाने विचारलं, येतोस का आमच्याबरोबर जेवायला.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:
- फक्त मराठी मंडळात रमणं. गणपतीला नक्की जा, पण जर्मन सोडू नकोस, फोक्सहोखशूलेचा, म्हणजे इथल्या मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्राचा, संध्याकाळचा कोर्स परवडतो आणि वर्गात सगळे तुझ्यासारखेच नवखे असतात.
- कोणी 'तीन आठवड्यांनी भेटू' म्हणालं की टाळतोय असं समजणं. टाळत नसतो रे, कॅलेंडरमध्ये लिहून ठेवतो, तू वेळेवर पोच.

आणि हो, ऑफिसात स्वतःच्या वाढदिवसाला केक आपणच न्यायचा. कुणाला आदल्या दिवशी शुभेच्छा मात्र देऊ नकोस, अपशकुन मानतात.