आठ जण, दोन गाड्या आणि कोकणातल्या खाड्या
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, आम्ही आठ जण आहोत, तिघं ऑफिसमधले आणि बाकीचे ट्रेकला ओळख झालेले. फेब्रुवारीत दोन गाड्या घेऊन मुंबईहून थेट गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जायचंय, हायवे अजिबात धरायचा नाही असं ठरलंय. सुट्टी चारच दिवस आहे. हॉटेल बुक करणार नाही, टेंट लावणार, जिथे आवडेल तिथे थांबणार. मॅपवर तर आरामात बसतंय पण घरचे म्हणतायत वेड लागलंय. खरंच होईल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : जा, नक्की जा, पण रेडीपर्यंत नको. चार दिवसात मांडव्यापासून गुहागर-हेदवीपर्यंत जा आणि तिथून चिपळूणला येऊन हायवेने परत या. अर्धाच किनारा होईल असं वाटेल, होऊ दे. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग साधारण ५०० किलोमीटरचा, आणि हायवेचे ५०० आणि हे ५०० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इथे दर थोड्या अंतराने एक खाडी आडवी येते, सावित्रीची, वाशिष्ठीची, शास्त्रीची, आणि काही ठिकाणी अजून पूल नाही, कामं चालू आहेत तिथे चालू आहेत, तोपर्यंत फेरीबोट. ती सुटली की पुढची येईपर्यंत जेट्टीवर थांबायचं, रात्री बंद झाली की मग मॅप तुम्हाला चिपळूण नाहीतर म्हाप्रळ वगैरे फिरवून काळोखातून घाटरस्त्याने नेणार. मॅपला खाडी दिसते पण शेवटची बोट गेलीय हे दिसत नाही. म्हणून त्या दिवशीच्या फेरीचं टाइमिंग सकाळीच जिथे राहिलात तिथे विचारून घ्यायचं, इंटरनेटवरचं जुनं वेळापत्रक बघून निघू नका.

माझ्या मते असं करा. पहिल्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाड्यांसकट मांडवा, तासाभरात पोचता, पनवेल-पेणचा ट्रॅफिक वाचतो. अलिबाग-काशीदला थांबू नका, ते मुंबईकरांचं अंगण आहे, कधीही होतं. मुरुड, मग आगरदांड्याहून फेरीने दिघी, आणि संध्याकाळी दिवेआगर किंवा श्रीवर्धन. खरा किनारा इथून पुढे सुरू होतो. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वीला बोटीने सावित्री ओलांडायची आणि मुक्काम वेळासला.

वेळास अजिबात गाळू नका, तुम्ही अगदी योग्य महिन्यात निघालायत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वर येऊन वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते, गावातली माणसं ती अंडी अलगद उचलून कुंपणातल्या वाळूत तशाच खड्ड्यात पुरतात, वर टोपली पालथी घालतात. दीड-दोन महिन्यांनी सकाळी ती टोपली उचलली की खाली कधी काही नसतं तर कधी काळपट, तळहाताएवढीसुद्धा नसलेली पिल्लं एकमेकांवर चढत असतात. मग दोरीच्या अलीकडे सगळे उभे आणि ती चार हात वाळू चालत पाण्याकडे. मध्येच थांबतात, लाट येते, पुन्हा मागे फेकली जातात, परत निघतात. कुणी हात लावायचा नाही, उचलून पाण्यात सोडायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. फेब्रुवारीत सुरुवात असते, रोज पिल्लं निघतीलच असं नाही, मार्च-एप्रिलला जास्त शक्यता. गावात घरोघरी राहायची-जेवायची सोय आहे, तिथे टेंट नको, घरातच राहा, कारण कासवं वाचवण्याचे चार पैसे गावाला मिळतात ते याच पाहुण्यांमधून आणि मला वाटतं त्यामुळेच हे काम इतकी वर्षं टिकलंय.

तिसरा दिवस केळशी, आंजर्ले, हर्णै. संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघा. मोठ्या होड्या लांब उभ्या असतात आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात, बैलांच्या पोटापर्यंत पाणी, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, जो २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. चौथ्या दिवशी लवकर उठून दाभोळ–धोपावे फेरी, गुहागर, वेळ उरला तर हेदवी, मग चिपळूणहून घरी. सिंधुदुर्गासाठी वेगळी सुट्टी काढा आणि ट्रेनने कुडाळ गाठून तिकडे गाडी घ्या.

टेंटचं विचारलंयस तर लावा, पण आवडेल तिथे नाही. ज्यांची वाडी आहे त्यांना विचारून त्यांच्या अंगणात किंवा सुरूच्या बनात, तेही ग्रामपंचायत चालू देते का ते विचारून. वाळूवर सुक्या शेवाळाची, काटक्यांची, प्लास्टिकची जी एक रेघ दिसते ना, कालची भरती तिथपर्यंत आली होती, टेंट त्याच्या बराच वर पाहिजे. माडाखाली कधीच नको, नारळ पडतात. आणि घरटी असलेल्या किनाऱ्यावर रात्री शेकोटी, टॉर्च, मोठे दिवे काहीच नको, मादी उजेड बघून अंडी न घालताच परत फिरते.

आठ जणांचं एक सांगते. बहुतेक ग्रुप फाटतात ते पैशावरून किंवा निघायच्या वेळेवरून. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढून एकाकडे द्या, कॅशमध्ये, कारण जेट्टीवर आणि खाणावळीत नेटवर्क नसेल तर जीपे चालणार नाही. आणि रोज सकाळी किती वाजता निघायचं हे एकच माणूस ठरवणार, रोज वेगळा माणूस चालेल पण त्या दिवशी त्याचा शब्द शेवटचा. आठ जणांचं मतदान घेत बसलात तर अकरा वाजता निघाल आणि बोट हुकेल. पेट्रोल दिसेल तिथे भरा, सीएनजीच्या भरवशावर राहू नका, पंप बरेच आतल्या तालुक्याच्या गावी असतात. दुपारी मासे पाहिजेत तर सकाळीच खाणावळीला फोन करून किती ताटं ते सांगा, ऐनवेळी आठ जण दारात उभे राहिलात तर त्या बाईंनी करायचं काय.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे, अशाच ग्रुपबरोबर कोकण किनाऱ्याला चाललीय. ग्रुपमधले दोघंच तिच्या ओळखीचे. फोन लागणार नाही म्हणते. मला झोप लागणार नाही. नाही म्हणू का?
— एक आई, दादर

उत्तर : नाही म्हणू नका हो. ती विचारून चाललीय, न सांगता गेली असती तर काळजी जास्त होती. पण काळजी वाटणं चुकीचं नाहीच, म्हणून तिच्याकडून तीन गोष्टी मागून घ्या आणि त्या मिळाल्या की शांत राहा. दोन्ही गाड्यांचे नंबर आणि गाडी चालवणाऱ्यांचे फोन. रोजच्या मुक्कामाच्या गावाचं नाव आणि जिथे राहणार त्या घरचा नंबर, कोकणात घरचा माणूस फोन उचलतो आणि "आलीत हो पोरं, जेवतायत" असं सांगतोसुद्धा. आणि ठरलेली एक वेळ, समजा रात्री नऊपर्यंत एक मेसेज. रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर मिळते, खाली किनाऱ्याला उतरलं की जाते, तेव्हा दिवसभर फोन लागला नाही म्हणजे काही झालंय असं समजू नका.

खरी भीती अनोळखी मुलामुलींची कमी आणि रात्रीच्या ड्रायव्हिंगची जास्त आहे. तिला एवढंच सांगा की अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, दारू प्यायलेल्याच्या गाडीत बसायचं नाही, आणि असं काही झालं तर कुठल्याही गावात उतरून एसटीने परत यायचं, त्यासाठी थोडे पैसे ग्रुपच्या पैशात न मिसळता वेगळे ठेवायचे. आडगावातूनही एखादी एसटी तालुक्याला जातेच, आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. उतरून यायचा रस्ता उघडा आहे हे माहीत असलं की मुली नको तिथे थांबत नाहीत. परत आली की "सांगितलं नव्हतं का" असं म्हणू नका मात्र.

प्रश्न : आम्ही सगळे स्विमिंग पूलला पोहणारे आहोत. कोकणातल्या मोकळ्या बीचवर कोणी नसतं तिथे पोहायला आणि गाडी वाळूवर चालवायला धमाल येते असं ऐकलंय. भरती-ओहोटी कशी बघायची?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : भरतीचं आधी, कारण ते सगळ्यात कामाचं आहे. कॅलेंडरवर तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बारा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. किनाऱ्यावरचे जुने लोक अजून हाच हिशोब तोंडी करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि जास्त जोरात मागे जातं.

हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर, भरतीला लाट आत घुसली की पाणी गर्जत उंच उडतं. ते बघायला भरतीचीच वेळ गाठा, पण लांबून. ओला खडक शेवाळाने गुळगुळीत असतो आणि सहा लाटा छोट्या आल्या म्हणून सातवी छोटीच येईल असं काही नाही.

पोहण्याबद्दल मी स्पष्ट सांगते. कोणी नसलेल्या किनाऱ्यावर पोहू नका. पूलमधलं पाणी ओढत नाही, हे ओढतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला तर उतरायचंच नाही, सगळ्या खाडीचं पाणी तेवढ्या वाटेने समुद्रात जात असतं. पाण्यात जायचंच असेल तर गावातल्या माणसाला "इथे उतरतात का" विचारा, तो नाही म्हणाला तर वाद घालू नका, आणि कमरेच्या वर पाणी नको. कोणी ओढला गेलाच तर सरळ किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकत राहायचं, ओढ सुटली की मग आत यायचं. दुसऱ्याने मागे उडी मारायची नाही, दोरी, रिकामा कॅन, काहीतरी तरंगणारं फेकायचं आणि कोळ्यांना हाक मारायची.

गाडी वाळूवर घालू नका. ओल्या वाळूवर आधी छान पळते, मग एक चाक रुततं, तुम्ही रेस करता, ते अजून खाली जातं, आणि भरती सुरू झालेली असते. मग ट्रॅक्टर शोधा, गावातले दहा जण गोळा करा, तोपर्यंत पाणी इंजिनात. आणि त्या वाळूखाली कासवाची अंडी असू शकतात, वरून कळत नाही. गुहागरहून २०२३ मध्ये सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, एवढं पोहणारा जीव अंडी घालायला आपल्या या किनाऱ्यावर येतो. गाडी वर रस्त्यावर लावा आणि चालत जा, चप्पल हातात घेऊन.