पहिले पंधरा दिवस पेन्सिल लांबच ठेव

अगं, बालवाडीच्या नव्या वर्गात पहिल्याच आठवड्यात अआइई आणि १ ते १० घेऊन बसू नकोस, पालक विचारतील वही कोरी का, विचारू देत. एवढ्या लहान मुलांची बोटं अजून तयार नसतात, आधी क्ले मळू दे, कागद फाडू दे, कपड्यांच्या चिमट्याने कापसाचे बोळे उचलू दे, त्यातूनच पेन्सिलची पकड येते. आकड्यांचंही तेच. दहापर्यंत घडाघडा म्हणतात पण समोर पाच बटणं ठेवून मोजायला सांग, बोट तिसऱ्या बटणावर आणि तोंडात पाच! म्हणून एकेक बटण उचलून वाटीत टाकत मोजायचं (मोठी बटणं घे हं, छोटी तोंडात घालतात), टप्प आवाज आला की पुढचा आकडा, आणि शेवटी "मग किती झाली?" विचारायचंच. बरीच मुलं परत पहिल्यापासून मोजायला लागतात, तेव्हा रागवू नकोस, शेवटचा आकडा म्हणजेच एकूण हे कळायला वेळ लागतो. अॅक्टिव्हिटी दहा मिनिटांच्या वर ताणू नको. आणि रडणाऱ्या मुलाला गोलात ओढून बसवू नकोस प्लीज, माझ्याकडे एक मुलगी आठ दिवस दाराजवळून नुसती बघत होती, नवव्या दिवशी स्वतःच आली आणि वाटी मागितली.