ऑफिसची कपाटं घरात: आधी बूड, मग माथा, रंग सगळ्यात शेवटी

तुमच्या यजमानांचं ऑफिस बंद झालं आणि चार ड्रॉवरचं एक फायलिंग कॅबिनेट, दोन ड्रॉवरची दोन आणि एक उंच पोलादी कपाट असा ऐवज डोंबिवलीच्या टू-बीएचकेत येऊन पडला. रंग अर्थातच सरकारी करडा. टाकवत नाही, बघवत नाही, आणि सासूबाई म्हणतात ‘घराचं तलाठी कार्यालय केलंत’. लाकडी डिझाइनचे स्टिकर चिकटवले तर बरं दिसेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही दिसणार. मी घरून टॅक्सचं काम करते, त्यामुळे असली तीन कॅबिनेटं गेली कित्येक वर्षं माझ्या दिवाणखान्यात आहेत. पहिल्याला मी सागवानी छापाचं स्टिकर लावलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात कडा सुटल्या, मधे फुगे आले, आणि सोलायला गेले तर गोंद तसाच मागे. त्यावर महिनाभर घराची धूळ चिकटत राहिली. दुसऱ्याला न घासता थेट ऑइल पेंट मारला. तो नखानं सालपटासारखा निघायचा, आणि पोरांना तेवढाच उद्योग मिळाला. तेव्हा जे सांगतेय ते दोन कॅबिनेटं खराब करून शिकलेलं आहे.

पहिल्यांदा मनातला एक गैरसमज काढून टाका. पोलादी कपाट घरात शोभत नाही असं आपण मराठी माणसांनी तरी म्हणू नये. गोदरेजनं 1923 पासून पोलादी कपाटं करायला सुरुवात केली, आणि पुढं कुणाचंही बनलेलं असो, कपाट म्हणजे ‘गोदरेजचं कपाट’ असंच आपल्याकडे झालं. लग्नात मुलीला दिलं जायचं, बेडरूममध्ये मानाच्या जागी उभं राहायचं. ऑफिसच्या कपाटात आणि त्यात फरक काय? एक आरसा, बरा रंग, आणि आत साड्या. पत्रा तोच. म्हणून त्याला लाकडाचं सोंग द्यायला जाऊ नका, पोलादच राहू द्या. ऑफिसपणा दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी: खाली, वर आणि पुढून मागे जाणाऱ्या खोलीत.

खाली म्हणजे बूड. ऑफिसमध्ये ही कपाटं सरळ फरशीवर टेकवतात, घरात मात्र रोज लादी पुसली जाते. पाणी खालच्या दुमडलेल्या पत्र्यात शिरतं आणि वर्षभरात तळाला तपकिरी ओघळ दिसू लागतात. घरातल्या पोलादी कपाटाचा निम्मा गरीबपणा त्या गंजलेल्या चार बोटांत असतो. उंच कॅबिनेट आणि कपाट यांच्यासाठी वेल्डरकडून एक इंची चौकोनी पाइपची चौकट करून घ्या, चार इंच उंच, काळी, पायांना रबरी बूच. चौकट कपाटापेक्षा इंचभर आत ठेवायची, म्हणजे कपाट तरंगल्यासारखं दिसतं आणि पोछाही खालून फिरतो. घरात रांगतं मूल असेल तर पुढून पट्टी लावून ती फट बंदच करा.

वर म्हणजे माथा. आपल्या घरात कपाटाचा माथा ही बॅगा, बोचकी आणि दिवाळीचा आकाशकंदील यांची हक्काची जागा. कपाट कितीही सुंदर रंगवा, वर एक बोचकं चढलं की संपलं. माळ्यावर जागा करा, नाहीतर माथ्यापासून छतापर्यंत भिंतीच्याच रंगाची दोन दारं सुताराकडून बसवून घ्या.

तिसरी गोष्ट खोली. फायलिंग कॅबिनेट फुलस्केप कागदाच्या फायली टांगायच्या हिशेबानं बनलेलं असतं: साधारण 47 सेंटिमीटर रुंद आणि 62 खोल. घरातली बुकशेल्फ, टीव्ही युनिट वगैरे चाळीसच्या आसपास खोल असतात. त्यांच्या रांगेत हे उभं केलं की वीतभर पुढे येतं आणि जाता-येता गुडघ्याला लागतं. उपाय एकच, त्याला त्याच्यासारख्या खोल सोबत्यांत उभं करा. फ्रिजच्या शेजारी, वॉर्डरोबच्या ओळीत, किंवा दाराआडच्या कोनाड्यात. आणि पुढे जागा सोडा: ड्रॉवर पूर्ण उघडला की अजून साठेक सेंटिमीटर बाहेर येतो, शिवाय समोर माणूस उभा राहायला जागा हवी.

तुमची दोन ड्रॉवरची जोडी मात्र लॉटरी आहे. त्यांची उंची बहुधा 71 सेंटिमीटर भरेल, मोजून बघा. खाली सेंटिमीटरभर जाडीचे पीव्हीसीचे तुकडे, वर 19 मिलिमीटरचा प्लाय, म्हणजे झालं 74: बरोबर लिहायच्या टेबलाची उंची. साडेपाच फुटांचा टॉप घ्या, दोन्ही टोकांना एकेक कॅबिनेट, मधे पायांना जवळपास 74 सेंटिमीटर मिळतात. एक गंमत सांगते, सुतार इथे हमखास चुकतो. प्लायची शीट आठ बाय चार फूट, म्हणजे रुंदी 122 सेंटिमीटर. तो म्हणणार, ताई, मधून चिरतो, दोन टॉप होतात. चिरल्यावर 61 ला करवतीची जाडी वजा, आणि तुमचं कॅबिनेट 62. पुढून पत्रा डोकावतो आणि सगळी शोभा जाते. 64 सांगा आणि कागदावर लिहून द्या. कडेला खऱ्या सागवानाची लिपिंग पट्टी लावा. पूर्ण टॉप सागाचा नसला तरी चालतो, हाताला लागणारी कड लाकडाची पाहिजे. लोखंडाला घरात बसवणारी गोष्ट ही कड आहे, स्टिकर नव्हे.

आता रंग. दोन रस्ते आहेत. पत्रा सरळ असेल, पोचे नसतील, तर पावडर कोटिंग. रंगाची पूड विजेच्या भारानं पत्र्याला चिकटवतात आणि 180-200 अंशांच्या भट्टीत भाजतात. अंबरनाथ, भोसरी, अंबड, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत असे कारखाने सापडतात, दर चौरस फुटावर असतो. देण्याआधी कुलपं, प्लॅस्टिकचे तुकडे, रबर, ड्रॉवर सरकायचे चॅनेल सगळं काढून एका डब्यात ठेवा, नाहीतर भट्टीत वितळून येईल. रंग ‘आरएएल’ या रंगांच्या ठरलेल्या यादीतल्या नंबरनं सांगायचा. 7035 सांगाल तर परत ऑफिसच घरी येईल, तो विजेच्या पॅनेलवाल्यांचा फिका करडा. मी 6013 घेतला, शेवाळी आणि करड्याच्या मधला. संध्याकाळच्या दिव्यात फार छान दिसतो. चकचकीत घेऊ नका, चकाकी प्रत्येक पोचा दाखवते.

पोचे असतील तर भट्टीचा रस्ता अवघड, कारण साधी लांबी, म्हणजे पोचा भरायची पुट्टी, त्या उष्णतेत टिकत नाही. मग सरळ गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. गाडीच्या दारात आणि कपाटाच्या दारात त्याला काही फरक नसतो. आमच्या गॅरेजवाल्यानं ड्रॉवरच्या आतून हातोडी मारून पोचा उठवला, वर लांबीचा हात ओढला, पाणी मारत पॉलिश पेपर फिरवला आणि डोळे मिटून तळहात फिरवून बघितला. दोनदा मान हलवली, परत घासलं. तिसऱ्यांदा हात फिरला तेव्हाच प्रायमर. जाता जाता गाडीच्या दाराला आवाज मारायला लावतात ती डॅम्पिंग शीट त्यानं ड्रॉवरच्या तळाला खालून चिकटवून दिली. कॅबिनेटचा तो धडाड-खण्ण आवाज गेला! हे मला कुठल्याच इंटिरियरवाल्यानं सांगितलं नव्हतं.

हे काम जून ते सप्टेंबर करू नका. दमट हवेत ड्यूको, म्हणजे गॅरेजवाल्याचा फवाऱ्याचा रंग, पांढुरका पडतो. आणि घासायचं ते ओलंच, तोंडाला मास्क लावून, बाल्कनीतही कोरडं नाही. भारतात घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमची कपाटं त्याआधीची असणार, आणि कारखान्याचा रंग घरगुती रंगाच्या नियमात बसतही नाही. ती धूळ पोरांच्या नाकात नको.

रंग कोणता, यावर माझं मत ठाम आहे: उंच कपाट भिंतीच्या रंगाचं करा, म्हणजे ते नजरेतून जातं, लहान जोडी मोरपिशी, वीटकरी, जे आवडेल ते. सगळंच रंगीत केलंत तर बालवाडी. हँडल बदलायचं असेल तर भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून दुकानात जा. पण लेबल घालायची जुनी धातूची चौकट काढू नका, घासून चमकवा. माझ्या कॅबिनेटवर ‘लाइट बिल’, ‘औषधं’, ‘पोरांचे दाखले’ असं हातानं लिहिलेलं आहे. पाहुणे आधी तेच वाचतात.

उंच कपाटाच्या एका दारावर आरसा लावा, 30 बाय 120 सेंटिमीटर पुरे. चार मिलिमीटर जाडीचा तो आरसा साडेतीन किलोच्या आसपास भरतो, बिजागऱ्या सहन करतात. चिकटवताना न्यूट्रल सिलिकॉन मागा. आंबूस वासाचं साधं सिलिकॉन आरशाचा मागचा मुलामा खातं आणि काही महिन्यांत काळे डाग उमटतात.

वजनाचं एक, मग थांबते. चार ड्रॉवरच्या बऱ्याच कॅबिनेटांमध्ये एका वेळी एकच ड्रॉवर उघडावा अशी खिटी असते. दोन एकदम उघडले तर कॅबिनेट पुढे उलटतं. जुन्यांत ती खिटी हमखास तुटलेली असते, तपासा. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये, आणि माथा एल-अँगलनं भिंतीला आवळलेला पाहिजे. चौकटीवर चढवल्यावर तर नक्कीच. किल्ली हरवली असेल तर कुलपाच्या तोंडावर नंबर असतो, चावीवाल्याला तो दाखवा.

आणि रंगाला देण्याआधी सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागे टॉर्च मारा. कागद मागच्या फटीतून खाली पडतात. आमच्या कॅबिनेटच्या तळाशी एका अशिलाचं मूळ पॅनकार्ड सापडलं. त्यानं डुप्लिकेट काढून सहा वर्षं झाली होती, आणि ते माझ्याच ऑफिसात हरवलं असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता.