वाचकांचे प्रश्न : शपथ मोडल्यानंतर काय करावे?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरी करतो. घरी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी आहे. कॉलेजात असताना पोर्न पाहण्याची सवय लागली. लग्नानंतर ती सुटेल असे वाटले होते, पण घरून काम सुरू झाल्यापासून ती वाढतच गेली आणि आता घरातले झोपले की रात्रीचे दोन-तीन तास त्यातच जातात. गेल्या वर्षी पैसे भरून अनोळखी स्त्रियांशी व्हिडिओ कॉल सुरू केले, आणि दोन वेळा पैसे देऊन शरीरसंबंधही ठेवले. पत्नीला यातले काहीच ठाऊक नाही. गणपतीत मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती पंधरवडाभरही टिकली नाही, आणि ज्या रात्री मोडली त्या रात्री मी पहाटे चारपर्यंत पाहत बसलो. मी व्यसनी आहे की चारित्र्यहीन? यातून बाहेर कसे यावे, आणि पत्नीला सांगावे का?

उत्तर : तुम्ही स्वतःसाठी दोनच शब्द पुढे ठेवले आहेत, पण त्यांतला कोणता लागू पडतो हे ठरवल्याने रात्रीचे ते दोन-तीन तास कमी होणार नाहीत. अधिक उपयोगाचा प्रश्न असा, की थांबायचे ठरवूनही तुम्हाला थांबता येते का, आणि न थांबल्यामुळे तुमच्या आयुष्याचे काय होत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार' समाविष्ट आहे, आणि तिथे नेमका याच गोष्टींचा विचार केलेला आहे. लैंगिक वर्तन आयुष्याच्या केंद्रस्थानी येऊन झोप, काम, प्रकृती व नाती मागे पडणे, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, नुकसान दिसत असूनही किंवा त्यातून समाधान उरलेले नसतानाही ते चालूच राहणे, आणि हे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चालणे, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. त्याचबरोबर एक महत्त्वाचा इशाराही दिला आहे : केवळ नैतिक अपराधीपणामुळे येणारी अस्वस्थता हे या निदानाला पुरेसे कारण नाही.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या सूचीत अशा विकाराला स्थान दिले नव्हते, आणि आरोग्य संघटनेनेही त्याला दारू किंवा जुगाराच्या रांगेत न बसवता आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये ठेवले आहे. त्यामुळे 'व्यसन' हा शब्द इथे वापरावा की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तुमच्यापुरते त्या वादाचे महत्त्व कमी आहे. तुमच्या पत्रातील तपशील पाहता तुम्ही प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नैराश्य, चिंताविकार, लहानपणापासूनची अवधानातील अडचण, क्वचित उन्मादाचा आजार यांच्यासोबतही असे वर्तन दिसते. पार्किन्सनवरच्या काही औषधांमुळेही ते उद्भवू शकते. मुळाशी असे काही असेल, तर त्यावर उपचार न करता केवळ मनोनिग्रहाचा आग्रह धरणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

आता शपथेविषयी. मुलीच्या डोक्यावर हात ठेवताना तुमचा हेतू खरा होता याबद्दल मला शंका नाही. मात्र शपथ दिवसा, शांत मनाने आणि आयुष्यभरासाठी घेतली जाते, तर प्रसंग येतो तो रात्री साडेअकराला, थकलेल्या मनापुढे. त्या दोन वेळांना जोडणारे काहीही शपथेत नसते. शिवाय ती मोडली की जे घडते, ते तुम्हीच लिहिले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दारू सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून ही अवस्था मांडली होती : एक घोट घेतला गेला की माणूस 'आता सगळे संपलेच आहे, मग थांबून तरी काय उपयोग' असे स्वतःला सांगतो, आणि पहिल्या घोटापेक्षा हा विचारच त्याला जास्त खोल नेतो. तुमच्या बाबतीत पहिली दहा मिनिटे ही घसरण होती; पहाटे चारपर्यंतचा वेळ हा त्या अपराधीपणाचा परिणाम होता, आणि त्यात मुलीच्या जिवाची भीती मिसळल्यामुळे तो अधिकच तीव्र झाला. तेव्हा यापुढे मुलीला या व्यवहारात साक्षीदार करू नका. तुमची शपथ मोडल्याने तिला काहीही होणार नाही, हे मी इथे मुद्दाम लिहीत आहे, कारण अनेक वडील ही भीती वर्षानुवर्षे कुणालाही न सांगता वागवतात.

शपथेऐवजी एक छोटी वही ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत थांबण्याचा आग्रहही धरू नका, फक्त नोंद करा : किती वाजले होते, तुम्ही घरात कुठे होता, त्याआधीच्या तासाभरात काय घडले होते आणि मनात काय होते. अशा नोंदींत बहुधा एक साखळी दिसू लागते. कामाच्या कॉलवर वरिष्ठांनी सर्वांसमोर सुनावलेले असते, जेवताना त्याविषयी घरात एक शब्दही निघालेला नसतो, मुलगी झोपल्यावर 'थोडे काम उरले आहे' म्हणून लॅपटॉप हॉलमध्ये येतो, काम वीस मिनिटांत संपते, पण लॅपटॉप बंद होत नाही. खरा निर्णय चित्रफीत उघडताना होत नाही. काम संपल्यावरही हॉलमध्ये बसून राहण्याच्या क्षणी तो झालेला असतो. म्हणून बदलही तिथेच करायचा. लॅपटॉप घरातले जागे असतानाच मिटायचा, फोन स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी चार्जिंगला लावायचा, गजरासाठी साधे घड्याळ आणायचे, आणि ज्या दिवशी अपमान गिळला असेल त्या दिवशी तो कुणाजवळ तरी बोलून टाकायचा. संकेतस्थळे अडवणारे फिल्टर जरूर बसवा, पण त्यांच्याकडून मोजकीच अपेक्षा ठेवा, कारण संगणकाच्या क्षेत्रातील माणसाला ते काढायला वेळ लागत नाही. त्यांनी मधे घातलेली दोन-चार मिनिटे मात्र कामाची असतात. तीव्र इच्छा ही उतू येणाऱ्या दुधासारखी असते. आच कमी केली की ती खाली बसते. जागेवरून उठणे, गॅलरीत किंवा जिन्यात जाणे, कुणाला तरी फोन करणे ही ती आच कमी करण्याची साधने आहेत, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर ओसरतो.

तरीही घसरण होईल. तेव्हा काय करायचे, हे आजच लिहून ठेवा : यंत्र बंद करायचे, तोंड धुऊन झोपायचे, सकाळी वहीत नोंद करायची आणि त्याच दिवशी एका ठरलेल्या माणसाला सांगायचे. हा 'एक माणूस' मिळवणे मला सर्व उपायांत मोलाचे वाटते, कारण ही सवय गुप्ततेवर पोसली जाते. तो माणूस उपचार करणारा समुपदेशक असू शकतो किंवा मदतगटातला सोबतीही असू शकतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या बारा पायऱ्यांवर आधारलेला 'सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस' हा गट १९७७ मध्ये मिनियापोलिस येथे स्थापन झाला, आणि त्याच्या सभा आता इंटरनेटवरूनही होतात. तिथे आडनाव सांगावे लागत नाही, शुल्क नसते, आणि ब्रह्मचर्याची सक्तीही नसते. कोणते वर्तन पूर्ण थांबवायचे, कोणते धोक्याकडे नेणारे आहे आणि कोणते आयुष्याला पोसणारे आहे, याची तीन वर्तुळे प्रत्येक जण अनुभवी सोबत्याच्या मदतीने स्वतः आखतो. पायऱ्यांमधली ईश्वराची भाषा काहींना मानवत नाही. तसे वाटले तर समुपदेशकाबरोबर हीच तीन वर्तुळे आखा. पद्धत उपयोगी आहे.

उपचारांमध्ये विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचारपद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. काही रुग्णांना डॉक्टर नैराश्यावरची किंवा नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे देतात, पण ती परस्पर घेण्याची औषधे नव्हेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, आणि केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय राखणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. पैसे भरून केलेल्या कॉलचे चित्रण दाखवून कुणी धमकावत असेल, तर एक रुपयाही देऊ नका आणि १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवा.

पत्नीला सांगण्याबाबत दोन भाग करतो. बाहेरच्या शरीरसंबंधांमुळे तिच्या आरोग्याला धोका असू शकतो, म्हणून एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या या आठवड्यातच करून घ्या. एचआयव्हीची तपासणी शासकीय रुग्णालयांतील केंद्रांत विनामूल्य होते. ती पुन्हा केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारा, आणि तोपर्यंत असुरक्षित संबंध ठेवू नका. हा भाग तिच्यापासून लपवण्याचा तुम्हाला हक्क नाही, आणि घरातले जे पैसे गेले त्याचा हिशेबही तिला मिळायला हवा. मात्र अपराधीपणाच्या भरात, रात्री दोन वाजता तिला झोपेतून उठवून सर्व तपशील ओतू नका. त्याने तुमचे मन हलके होईल आणि तिच्यावर ओझे पडेल. आधी समुपदेशकाबरोबर एक-दोन बैठका करा, काय आणि कसे सांगायचे ते ठरवा, आणि सांगण्याआधी उपचार प्रत्यक्ष सुरू झालेले असू द्या. ही तयारी काही दिवसांची असावी. तिला महिन्यांवर नेऊ नका.

प्रश्न : माझ्या पतीच्या फोनमध्ये मला दिवाळीत बरेच काही सापडले. त्यांनी कबूल केले व नाशिकमध्येच उपचार सुरू केले आहेत. मी रोज रात्री त्यांचा फोन तपासते आणि मग मला झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, बायकोने लक्ष दिले असते तर ही वेळ आली नसती. माझे वय ४१ आहे. माझे काही चुकले का?

उत्तर : नाही. तुमच्या पतीची सवय तुमच्या रूपामुळे, वयामुळे किंवा नकारामुळे लागलेली नाही. अशा अनेक पुरुषांची सवय लग्नाच्या कितीतरी आधीची असते, हे वरच्या पत्रातही दिसते. सासूबाईंना हे तुम्ही समजावत बसू नका; ते काम पतींचे आहे, आणि ते त्यांनी तुमच्यासमोर करावे असा आग्रह धरा.

रोजच्या तपासणीने तुम्हाला खात्री मिळत नाही, केवळ पुढच्या रात्रीची धास्ती मिळते. तिच्याऐवजी आठवड्यातला एक ठरावीक वेळ मागून घ्या, ज्या वेळी ते स्वतःहून, तुम्ही न विचारता, आठवडा कसा गेला हे सांगतील. उपचारांची तारीख पाळणे आणि बँकेचे व्यवहार उघडे ठेवणे याही तुमच्या रास्त मागण्या आहेत. शरीरसंबंधांना सध्या मन तयार नसेल, तर नकार द्या. 'नाही म्हटले तर ते पुन्हा तिकडे वळतील' ही जबाबदारी तुमची नव्हे. स्वतःसाठी वेगळा समुपदेशक शोधा. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने दारू व अन्य व्यसनांत अडकलेल्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला, तो याच अनुभवातून, की नवऱ्यावर उपचार होत असताना बायकोच्या मनावर साचलेल्या वर्षांकडे कुणी पाहत नाही. तुमच्या बाबतीतही तेच होऊ नये, असे मला फार वाटते. हे लग्न टिकवायचे की नाही, याचा निर्णय आज घ्यायचा नाही आणि तो घाईने घ्यायला कुणी तुम्हाला भागही पाडू नये.

प्रश्न : मी १९ वर्षांचा असून छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहतो. आठवड्यातून एक-दोनदा पोर्न पाहून हस्तमैथुन करतो. त्यामुळे स्मरणशक्ती गेली व अंगात कस उरला नाही असे वाटते. एसटी स्टँडजवळच्या जाहिरातीतल्या डॉक्टरांनी सहा महिन्यांचा कोर्स सांगितला आहे. हे व्यसन आहे का?

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून नाही. वीर्य गेल्याने शक्ती जाते, या समजुतीतून येणाऱ्या थकव्याला आणि चिंतेला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे नाव दिले होते. त्यात वीर्यापेक्षा भीतीच माणसाला अधिक थकवते. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या अशाच शंकांना उत्तरे दिली, त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तीच भीती विकून आजही पैसे उकळले जातात, याचा मला संताप येतो. पोर्नमधले संबंध अभिनयाचे असतात, त्यांवरून स्वतःच्या शरीराचे मोजमाप करू नका. पाहणे रोजचे होऊ लागले किंवा त्यापायी अभ्यास व झोप बुडू लागली, तर वर दिलेल्या १४४१६ या क्रमांकावर बोला. लक्ष लागत नसेल तर आधी किती तास झोपता ते पाहा, आणि थकवा टिकून असेल तर महाविद्यालयाजवळच्या एमबीबीएस डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या. त्या कोर्सचा पहिला हप्ता भरला असेल तर दुसरा भरू नका.