माळ्यावर सापडलेली पणजोबांची तलवार गंजली आहे, घरच्या घरी कशी साफ करू?

तुम्ही लिहिलंय की शेजाऱ्यांनी लिंबू-राख सुचवली आहे आणि दसऱ्याच्या आत तलवार चकचकीत हवी आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितळेची भांडी घासायची पावडर यातलं काहीच लावू नका. आणि चकचकीत करायचा हट्टही सोडा.

मीही तुमच्यासारखा सोलापूरचाच. आमच्याकडे एक तलवार, एक कट्यार आणि दांडपट्ट्याचं पातं आहे. खंडेनवमीच्या आधी त्यांची साफसफाई माझ्याकडे असते.

आधी पातं उजेडात नीट बघा. लाल-केशरी, बोटाला भुकटी लागणारा गंज चालू असतो, तो काढायचा. काळसर, गुळगुळीत, घट्ट बसलेला थर मात्र राहू द्या. काही जुन्या पोलादी पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी असते, ती वुट्झ नावाच्या जुन्या भारतीय पोलादाच्या घडणीतली. पॉलिश पेपर किंवा बफिंगच्या चाकाखाली ती दिसेनाशी होते आणि परत उठवायची तर आम्ल लागतं, ते घरचं काम नव्हे. मुठीजवळ एखादा शिक्का किंवा अक्षरंही सापडतील. मराठ्यांकडे युरोपातून आलेली पाती भरपूर होती, त्या तलवारींना फिरंग म्हणतात. त्यांवर कधी 'जेनोआ' हे इटलीतल्या शहराचं, कधी 'आंद्रेआ फेरारा' हे तिथल्या तलवार घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं दिसतं. (दिसलं म्हणून लगेच हुरळू नका, या नावांची नक्कलही खूप झाली आहे.) खरी असोत की नकली, एका दुपारच्या घासाघाशीत अशी अक्षरं जातात.

आता काम. जुन्या धोतराच्या फडक्याने धूळ पुसा. शिलाई मशीनचं तेल पात्यावर सढळ हाताने लावा आणि रात्रभर तसंच ठेवा. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते पुढे चिकट होऊन धूळ धरतं. सकाळी तेलातच सगळ्यात बारीक, ०००० नंबरची स्टील वूल घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवा, गोल गोल कधीच नाही. भांड्यांची तारेची घासणी घेतलीत तर ओरखडे कायमचे. गंजाची खपली जिथे उठून आली आहे तिथे तांब्याच्या चपट्या तुकड्याची कड जवळजवळ आडवी धरून ती खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे खपली निघते आणि पातं वाचतं. तेलाचा तपकिरी चिखल होईल, तो पुसा, नवं तेल घाला, पुन्हा तेच. फडक्यावर लालसर डाग येणं थांबलं की तुम्हीही थांबा. खड्डे राहतील, राहू द्या. धार तर अजिबात लावून आणू नका.

मुठीला वेगळा न्याय. आपल्या जुन्या तलवारींचं पातं मुठीत बहुधा लाख-राळेच्या मसाल्याने बसवलेलं असतं. गरम पाण्यात बुडवलं किंवा आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर वाळत टाकलं तर तो मसाला मऊ पडतो आणि मूठ हलायला लागते. मुठीवर सोन्या-चांदीची कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर तार ठोकून केलेली नक्षी, असेल तर स्टील वूल लावूच नका. तिथे कोरडं मऊ फडकं, बस्स.

शेवटी पातं कोरडं पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. म्यानात ठेवू नका, चामडं आणि जुनं लाकूड ओल धरतं. म्यान शेजारी वेगळं ठेवा. पूजेत हळद-कुंकू पात्याऐवजी मुठीखाली ठेवलेल्या पाटाला लावा. घरातली मोठी माणसं ऐकत नसतील तर लावू द्या, पण फुलं-पाण्यासकट त्याच संध्याकाळी पुसून पुन्हा तेल लावा. बहुतेक पाती माळ्यापेक्षा दसऱ्याने जास्त खराब केली आहेत, असं माझं मत.

९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येऊ शकतं, म्हणून आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि मिरवणुकीत नेऊ नका. १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू परदेशात पाठवता येत नाही. विकत मागणारे भेटले तर हे ध्यानात असू द्या.

घासायला बसण्याआधी मुठीजवळच्या भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो टाका. अक्षरं किंवा नक्षी दिसली तर तेल लावून तसंच थांबा, पुढचं काम संग्रहालयाच्या जतन विभागातल्या माणसाला विचारूनच करा.